रीफ टँकच्या फोटोंसाठी कमी बजेटमधला कॅमेरा कोणता घ्यावा?

खारंपाणी
नमस्कार मंडळी. माझ्या रीफ टँकला (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळांचा) तीन वर्षं झाली, साधारण २०० लिटरचा आहे, काच १० मिमी, लाइट एलईडी, निळे चॅनल जोरात आणि पांढरे अगदी मंद. आत कोरलांमध्ये हॅमर, दोन-तीन प्रकारचे झोआ, एक मोंटीपोरा, लाल मशरूम, आणि माशांमध्ये क्लाउनफिशची जोडी आणि एक मँडरिन.

गेले दोन महिने हॅमरचं एक हेड (टेंटॅकलांचा एक झुपका) नीट उघडत नाहीये. मदत मागायची म्हणून फोनने फोटो काढून इथे टाकले, तर सगळं निळं-जांभळं आणि हॅमरचे टेंटॅकल म्हणजे नुसते चमकणारे ठिपके. एकाने सांगितलं ब्लीच होतंय (रंग जाऊन पांढरं पडतंय), दुसऱ्याने सांगितलं एकदम निरोगी आहे. दोघांचाही दोष नाही, फोटोतच काही कळत नव्हतं. म्हणून आता ठरवलंय की एक बरा कॅमेरा घ्यायचा, दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढायचे म्हणजे रंग उतरला का, टिश्यू (सांगाड्यावरचा जिवंत थर) मागे सरकतोय का हे तरी नजरेला दिसेल. बजेट कमी आहे, सेकंडहँड चालेल. फोटोग्राफीतलं फारसं कळत नाही पण शिकायची तयारी आहे. काय घेऊ?

रात्रपाळी
थांबा, आधीच कॅमेरा घेऊ नका. फोनला प्रो मोड आहे का बघा, त्यात रॉ (डीएनजी), म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेली फाइल सेव्ह होते का तेही बघा. वीसेक मिनिटं वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) बंद, फोन काचेला सरळ टेकवलेला, लेन्सवर नारिंगी फिल्टरची क्लिप. मी दोन वर्षं असेच फोटो काढतोय आणि माझं काम भागतं.

लाटेवरचा
मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा). डोळे मिटून मिररलेस.

मासोळी
@लाटेवरचा डोळे मिटून फोटो कसे काढायचे हो दादा :)

लाटेवरचा
हाहा, ऑटोफोकस आहे ना ताई!
बरं, सिरियसली सांगतो. कोरलचा फोकस हाताने केलेला बरा, आणि मिररलेसमध्ये स्क्रीनवर भाग मोठा करून बघता येतो, शिवाय फोकसमधल्या कडांवर रंग येतो (फोकस पीकिंग). सोनी ए६००० सारखी २०१४ ची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), २४ मेगापिक्सेल, आजही सेकंडहँडमध्ये सहज मिळते. त्यावर ३० मिमीचा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) लावला की झालं, तोही महाग नाही.

भिंगधारी
लाटेवरचा, बॉडीबद्दल सहमत, पण ३० मिमी मॅक्रो टँकसाठी नका सुचवू. कारण सांगतो, जरा लांबेल.

मॅक्रो लेन्स घेताना लोक फक्त १:१ बघतात. १:१ म्हणजे सेन्सरच्या रुंदीएवढी वस्तू पूर्ण फ्रेम भरते, या बॉडीत असतो तो एपीएस-सी मापाचा सेन्सर साधारण २३ मिमी रुंद असतो, म्हणजे झोआचे दोन-तीन पॉलिप. ठीक. पण ते १:१ किती अंतरावरून मिळतं हा टँकवाल्यांचा खरा प्रश्न, कारण मध्ये काच आहे आणि कोरल काही काचेला चिकटून बसत नाही. त्या ३० मिमीच्या लेन्सचं पुढचं टोक आणि वस्तू यांच्यात १:१ ला जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर उरतात. फुलावरच्या किड्यासाठी चालेल, पण टँकमध्ये काचेवरची गोगलगाय सोडली तर काय मिळणार?

याउलट कॅननच्या १०० मिमी एफ/२.८ मॅक्रोला १:१ ला सुमारे १५ सेंमी मिळतात. आणि इथे पाणी आपल्याला मदत करतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून काचेच्या आत २० सेंमीवर असलेली वस्तू समोरून १५ सेंमीवरच दिसते. म्हणजे लेन्स काचेला टेकवून टँकमध्ये जवळजवळ २० सेंमी आतपर्यंत पोहोचता येतं. तुमचा हॅमर काचेपासून किती आत आहे ते पट्टीने मोजा, लेन्सचा निर्णय त्या आकड्यावर घ्या. बॉडी मग कोणतीही चालेल.

खारंपाणी
मोजलं. हॅमरचा पुढचा कडा काचेपासून १४ सेंमी, मोंटीपोरा २५, झोआ ८ ते १२. पण १०० मिमी मॅक्रो सेकंडहँडसुद्धा माझ्या बजेटच्या बाहेर जातोय, बॉडीपेक्षा लेन्स महाग.

मासोळी
नाकापेक्षा मोती जड.

भिंगधारी
मग आणखी एक वाट आहे. मी सुरुवात तिथूनच केली होती. जुन्या डीएसएलआरसोबत बऱ्याचदा ५५-२५० किंवा ५५-२०० ची किट झूम मिळते, तिला फारसं कुणी विचारत नाही म्हणून स्वस्त असते. तिच्यासमोर क्लिप करायचं क्लोज-अप भिंग लावायचं, रेनॉक्स डीसीआर-१५० किंवा डीसीआर-२५०. १५० ची ताकद ४.८ डायॉप्टर, २५० ची ८. हिशोब सोपा आहे. लेन्स अनंतावर फोकस ठेवली तर भिंगापासून १ भागिले डायॉप्टर एवढ्या मीटरवर फोकस मिळतो, म्हणजे १५० ला साधारण २१ सेंमी, २५० ला साडेबारा. आणि मॅग्निफिकेशन म्हणजे फोकल लेंथ (मीटरमध्ये) गुणिले डायॉप्टर, २५० मिमीला ४.८ ने १.२ पट. म्हणजे १:१ च्या पुढे, तेही २१ सेंमीवरून. टँकसाठी डीसीआर-१५० घ्या, २५० चं अंतर कमी पडतं.

तोटे पण सांगतो. झूम मागे घेतली की कोपरे काळे पडतात. कडांना थोडा मऊपणा येतो. आणि फोकस मिळायची जागा फार अरुंद असते, अख्खा कॅमेरा मागेपुढे सरकवून फोकस करावा लागतो.

अवांतर: हॅमरचं हेड सात-आठ सेंमी रुंद असेल तर त्याला १:१ लागतच नाही, पाव पट सुद्धा भरपूर झाली, तीही बहुतेक किट झूमला नुसती तशीच मिळते. भिंग झोआ, पॉलिप आणि किड्यांसाठी.

शिंपला
कुणीच टीजी-६ चं नाव घेतलं नाही अजून? ऑलिंपसचा छोटा कॅमेरा, २०१९ चा, १२ मेगापिक्सेल, १५ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ, रॉ काढतो, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंमीवर फोकस होतो. मी सरळ टँकमध्ये घालतो. काच नाही, प्रतिबिंब नाही, तिरप्या कोनाची भानगड नाही. टीजी-५ सुद्धा चालेल, ती आणखी स्वस्त पडेल.

काचसफाई
@शिंपला आत घालण्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने नीट धुता ना? आधी, कारण हातावरचं क्रीम, साबण, धूळ सगळं कॅमेऱ्यावर असतं. नंतर, कारण मीठ सुकलं की बटणांच्या फटीत आणि दाराच्या रबरात बसतं. आणि ज्यांच्या टँकमध्ये पॅलिथोआ (झोआसारखेच कोरल) आहेत त्यांनी आत हात घालताना हातमोजे घालाच, त्यांचं विष, पॅलिटॉक्सिन, ही गंमत नाही.

शिंपला
हो, दोन्ही वेळा. दार बंद करण्याआधी रबरावर केस किंवा वाळूचा कण नाही ना तेही बघतो, एक केस पुरेसा असतो पाणी आत जायला. पण खरं सांगायचं तर कॅमेरा आत गेला की मासे तासभर लपून बसतात आणि कोरल आखडतात. फुललेल्या हॅमरचा फोटो हवा असेल तर बाहेरूनच काढलेला बरा. माझा वापर जास्त करून दगडामागचं बघायला, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे.

निळाई
सगळे कॅमेऱ्यावर बोलताय, लाइटवर कुणीच नाही! खारंपाणी, तुम्ही कुठलाही कॅमेरा घेतलात तरी निळ्या लाइटमध्ये फोटो निळाच येणार. आपला डोळा निळ्याला सरावतो, मेंदू जुळवून घेतो, कॅमेरा जुळवत नाही. आपले निळे एलईडी ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतात, सेन्सरचा निळा चॅनल भरून वाहतो, लाल जवळजवळ रिकामा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघताना एकत्र पांढरा बघू नका, तिन्ही रंगांचे वेगळे बघा, निळा उजव्या भिंतीला आपटलेला दिसेल. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्मा.

आणि नारिंगी फिल्टर काय करतो तर काचेतून, दगडावरून, वाळूवरून परतून आलेला निळा अडवतो, पण कोरलने निळा शोषून जो हिरवा-नारिंगी-लाल स्वतः बाहेर टाकलेला असतो तो जाऊ देतो. म्हणून झोआ फिल्टरमधून असे पेटलेले दिसतात. तो रंग खोटा नाहीये, फ्लुरोसन्स आहे.

भिंगधारी
फिल्टरबद्दल तुमचं शास्त्र बरोबर पण इथे तो सुचवू नका निळाईताई. फिल्टरमधून काढलेला फोटो म्हणजे फक्त फ्लुरोसन्सचा फोटो. जो टिश्यू फ्लुरोसंट नाही तो काळा दिसतो. पांढरा पडलेला सांगाडा, तपकिरी झालेला भाग, शेवाळ, हे सगळं त्यात हरवतं. आणि धागाकर्त्यांना नेमकं तेच बघायचंय. विकणाऱ्यांचे असे फोटो बघून फ्रॅग (कोरलचे तोडलेले तुकडे) घेतलेत मी, घरी आल्यावर ओळखू आले नाहीत.

निळाई
मी स्वतः फ्रॅग विकते आणि फिल्टरनेच फोटो काढते, पण सोबत पांढऱ्या लाइटमधला एक टाकतेच. घेणाऱ्याच्या टँकमध्ये संध्याकाळी निळा लाइट असणार, त्याला कोरल तसंच दिसणार, मग तो फोटो खोटा कसा? सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे ओढणारे वेगळे, त्यांना माझ्यात मोजू नका कृपया.
तब्येतीसाठी मात्र फिल्टर नको हे मान्य.

भिंगधारी
दोन्ही फोटो टाकत असाल तर माझी काहीच तक्रार नाही. सगळ्यांनी तसंच करावं.

रात्रपाळी
मग मीही माझा पहिला सल्ला अर्धा मागे घेतो. फिल्टर सौंदर्यासाठी, तपासणीसाठी नाही.

नवखा_मासा
एक बेसिक प्रश्न, रॉ काढला की नंतर कॉम्प्युटरवर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळवणी) हवा तसा बदलता येतो ना? लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ५०००० केल्विनपर्यंत (उजेडाच्या रंगाचं माप) जातो. मग लाइट बदलायची गरजच काय?

भिंगधारी
चांगला प्रश्न आहे. बदलता येतो, आणि रॉ काढावाच, कारण बऱ्याच एंट्री लेव्हल बॉडींत, कॅनन ७००डी घ्या, केल्विनचा आकडा टाकायची सोयच नाही, आणि जिथे आहे तिथेही बहुधा १०००० ला संपते. पण स्लायडर काय करतो? आहे त्या लालला वाढवतो. मुळात लाइटमध्येच लाल नसेल तर काय वाढवणार? वाढते ती फक्त नॉइज (दाणेदारपणा). जो रंग लाइटमध्येच नाही तो कोणत्याही सेन्सरवर उमटत नाही, कॅमेरा कितीही महाग घ्या.

म्हणून खारंपाणी, आधी लगीन कोंडाण्याचं. फोटोपुरते पांढरे चॅनल वर घ्या आणि निळे त्यांच्या बरोबरीला आणा, दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्याने कोरलला काही होत नाही, फक्त नंतर जुनं सेटिंग परत लावायचं विसरू नका. कंट्रोलरमध्ये "फोटो" नावाने एक वेगळा प्रीसेट करून ठेवा म्हणजे दर महिन्याला तोच लाइट. मग एक पांढरा फ्रॅग प्लग (फ्रॅग चिकटवायची छोटी चकती) हॅमरच्या शेजारी, त्याच खोलीवर ठेवून पहिला फोटो काढा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स घ्या.

लाटेवरचा
एलईडीबद्दल एक भर. चॅनल मंद केले की बरेच लाइट उघडझाप करून मंद होतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात, खासकरून इलेक्ट्रॉनिक शटरला. मेकॅनिकल शटर वापरा, शटर जरा हळू ठेवा, किंवा तो चॅनल पूर्ण १०० टक्क्यांवर न्या. मी महिनाभर सेन्सर खराब झाला समजून बसलो होतो.

मासोळी
माशांचं कुणी बोला की! माझे क्लाउनफिश एका जागी थांबत नाहीत आणि फोटोत नारिंगी फरकाटा येतो.

लाटेवरचा
शटर १/२०० किंवा त्याहून फास्ट, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढू दे १६०० पर्यंत. आणि माशाचा पाठलाग करू नका ताई. तो कुठून परत परत जातो ते बघा आणि तिथे फोकस लावून बसा.

भिंगधारी
किंवा फ्लॅश, पण कॅमेऱ्यावरचा नाही, तो काचेवरून सरळ लेन्समध्ये येतो. वेगळा फ्लॅश टँकच्या वर, खाली तोंड करून, ट्रिगरने. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन म्हणजे दिवसासारखा असतो, मासा जागच्या जागी थिजतो आणि रंग खरे येतात. फक्त फ्लॅशखाली एक पारदर्शक झाकण ठेवा, पाण्याचे तुषार उडतात.

नवखा_मासा
मँडरिनचा निळा मात्र माझ्या फोनमध्ये कधीच बरोबर येत नाही.

निळाई
@नवखा_मासा मँडरिनचा निळा हा निळ्यांमध्येही वेगळाच आहे. बहुतेक माशांचा निळा हा पेशींमधल्या स्फटिकांवरून उजेड परतल्याने दिसतो, रंगद्रव्य नसतंच. मँडरिनमध्ये खरं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात, सायनोफोर म्हणतात त्यांना. पांढरा लाइट वाढवून काढून बघा, निळा आणि नारिंगी वेगवेगळे सुटून दिसतील.

आणि विषय निघालाच आहे तर, खारंपाणींच्या टँकमधल्या लाल मशरूमच्या गोतावळ्याचीही एक गोष्ट आहे. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन, जीएफपी, १९६२ मध्ये शिमोमुरांनी वेगळं केलं आणि २००८ मध्ये त्यासाठी त्यांना, चॅल्फी आणि त्सिएन यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण प्रयोगशाळांना लाल रंगाचं प्रोटीनही हवं होतं, आणि ते १९९९ मध्ये सापडलं डिस्कोसोमामध्ये, म्हणजे आपण ज्याला "सोपं, नवख्यांसाठी" म्हणून कोपऱ्यात ठेवतो तेच मशरूम! मला दर वेळी त्यांच्याकडे बघताना आठवतं.

मासोळी
हे माहीतच नव्हतं. आज माझ्या मशरूमला समोर आणते. वाचनखूण साठवली.

काचसफाई
विषयावर येतो. फोटोच्या आदल्या दिवशी आतली काच खरवडून घ्या, त्याच दिवशी नको कारण निघालेलं शेवाळ तासन् तास तरंगतं. कोरलाइन शेवाळाचे गुलाबी ठिपके प्लास्टिकच्या पात्याने काढा. फोटोआधी अर्धा तास स्किमर (फेसाने पाण्यातला मळ काढणारं यंत्र) बंद, नाहीतर बारीक बुडबुडे पांढरे ठिपके होऊन दिसतात. खोलीतले दिवे बंद, टीव्ही बंद, अंगात गडद कपडे, लेन्सला रबरी हुड लावून तो काचेला टेकवायचा. आणि लेन्स काचेला काटकोनातच. थोडी जरी तिरपी झाली तरी जाड काच आणि पाणी मिळून कडांना रंगीत झालर आणतात आणि फोकस कुठेच लागत नाही असं वाटतं. निम्मे लोक इथेच लेन्सला दोष देतात.

रिटर्न पंप (खालचं पाणी टँकमध्ये परत आणणारा) बंद करणार असाल तर संपमध्ये (टँकखालच्या टाकीत) वरचं पाणी मावतंय ना आधी बघा. आणि फोनवर गजर लावा. मी एकदा फोटो बघण्यात गुंतलो आणि पंप रात्रभर बंद राहिले, सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते. वाचले, पण तेव्हापासून गजर लावल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

खारंपाणी
तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. शेवटी सेकंडहँड कॅनन ७००डी घेतला (२०१३ चं मॉडेल, १८ मेगापिक्सेल) आणि सोबत ५५-२५०, डीसीआर-१५० वेगळा मागवला. ए६००० हातात घेऊन बघितला होता, आवडलाही, पण लेन्ससकट बजेट ओलांडत होतं. ७००डीचा स्क्रीन बाहेर काढून फिरवता येतो आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून फोकस करता येतं, त्यामुळे लाटेवरचा यांनी सांगितलेला मिररलेसचा बराचसा फायदा इथेही मिळाला.

फोटो प्रीसेट केला, पांढरे ७० टक्के, निळे ४०. वेव्हमेकर बंद करून दहा मिनिटं थांबलो. ट्रायपॉडच्या पायांखाली जमिनीवर टेपच्या खुणा केल्यात म्हणजे पुढच्या महिन्यात तिथेच उभा राहील. एफ/८, १/६०, आयएसओ ८००, दोन सेकंदांचा टायमर.

पहिल्यांदाच माझ्या हॅमरचा खरा रंग फोटोत बघितला. टेंटॅकल ऑलिव्ह हिरवे, टोकं फिकट सोनेरी. तीन वर्षं रोज बघतोय आणि मला वाटायचं तो निळसर आहे. बराच वेळ नुसता स्क्रीन बघत बसलो होतो.

दोन फोटो टाकतोय, एक अख्खा हॅमर, एक त्या न उघडणाऱ्या हेडच्या बुडाचा भिंग लावून. बघून सांगा.

भिंगधारी
वा! काटकोन आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही जमलंय. टिश्यूचा रंग चांगला आहे, ब्लीचिंग नाही.

मासोळी
दुसऱ्या फोटोत बुडाशी डावीकडे, सांगाड्याच्या कडेला ती बारीक पांढरट नळी काय आहे? आणि तिच्यापासून टेंटॅकलकडे जाळ्यासारखा धागा जातोय का, की मला भास होतोय?

शिंपला
भास नाही ताई. व्हर्मेटिड गोगलगाय आहे ती. नळीत बसून चिकट धागे सोडते अन्न पकडायला, ते धागे शेजारच्या कोरलला सतत टोचत राहतात आणि ते हेड आखडून बसतं. निळ्या लाइटच्या फोटोत ती दिसणं शक्यच नव्हतं.

काचसफाई
+१, व्हर्मेटिडच. नळी चिमट्याने मोडता आली तर मोडा, नाहीतर तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब दाबून बंद करा. जेलच घ्या, पातळ ग्लू पाण्यात पसरतो. आणि एक दिसली म्हणजे आणखी असणार, दगडांच्या सावलीतल्या बाजू बघा.

खारंपाणी
अरे देवा, दोन महिने मी पाण्याची अल्कलिनिटी (क्षारता) मोजत बसलो होतो. भिंग लावून पूर्ण दगड बघितला, आणखी चार सापडल्या, दोन तर झोआच्या मधोमध. आज संध्याकाळी जेल लावतो. मासोळीताई, तुमच्या नजरेला सलाम.

मासोळी
नजर तुमच्या फोटोची हो. जेल लावलं की पुढचा फोटो कधी टाकताय?

खारंपाणी
टेपच्या खुणा आहेतच, त्याच सेटिंगला पुढच्या महिन्यात, याच धाग्यावर.